तात्या कोळेकरांची पिवळी बुशं

तात्या कोळेकर समोर आलेल्या प्रत्येक वस्तूत उजव्या अंगठ्याचं नख रुतवून पाहत आणि एक आकडा सांगत. सायकलचा टायर, दुधाच्या कॅनच्या झाकणाचं रबर, एसटीच्या खिडकीची पट्टी, टपरीवरची खारी, काहीही चालायचं. आकडा शून्य ते शंभरमधला असे. रबर किती कडक आहे हे मोजण्याचा तो आकडा. त्यासाठी खिशातल्या घड्याळाएवढं एक यंत्र मिळतं. तात्यांच्या शेडमध्ये ते खिळ्याला टांगलेलं असे. तात्या आधी नखाने आकडा सांगत, मग यंत्र लावत. दोन्ही जुळले तर खूश होत. जुळले नाहीत तर यंत्राकडे संशयाने बघत.

त्यांची माझी ओळख चपलेवरून झाली. मी बारामतीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांवर मजकूर गोळा करत होतो. शेडच्या दारात चपला काढल्या. तात्या खाली वाकले, एका चपलेच्या तळाला नख लावलं आणि म्हणाले, "पंचावन्न. घासत चालता का उचलून?"

"घासत."

"मग पुढच्या शिमग्याला नवी घ्या."

वडगाव निंबाळकरला एका लग्नात पंगतीत म्हैसूरपाक वाढला. तात्यांनी त्यालाही नख लावलं. "पंच्याण्णव," असं जाहीर करून त्यांनी तो शेजारच्याच्या पानात ठेवला. बायकांच्या पंगतीतून त्यांच्या पत्नी, मालनकाकी, मोठ्याने म्हणाल्या, "अवो, ते खायाचं असतंय. मापायचं न्हाय."

"दात पडल्यावर कुणाला दाखवू?"

"यंत्राला दाखवा."

पंगत हसली. आचारी मात्र हसला नाही.

हा हिशेब ते माणसांनाही लावत. शेजारच्या शेडमधले जगताप साठ. बँकेतले साहेब ऐंशी, पण ऊन लागलं की चाळीस. एकदा कुणीतरी मालनकाकींचा आकडा विचारला. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेवढं यंत्र अजून निघालं न्हाय."

बिरदेव कोळेकर हे त्यांचं पूर्ण नाव. वडील मेंढरं राखत. कालव्याचं पाणी आलं तशी घराने शेती धरली आणि मेंढरं गेली. तात्या बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले, पुण्याजवळ रबराच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि पस्तिशीत परत येऊन त्यांनी शेड घेतली. पदवीचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवण्याची त्यांना गरज वाटत नसे. बोली मात्र घरचीच ठेवली. "बीएस्सी हाय म्हणून काय वाकडं त्वांड करून बोलू?" असं ते विचारत. आवाज मोठा होता. शेडच्या बाहेर उभ्या माणसाला आत कोण आलंय आणि कशासाठी, हे कळत असे.

ते पॉलियुरेथेन ओतत. वसाहतीत त्याला पीयू म्हणत. मधासारखा घट्ट द्रव तापवायचा, त्यातली हवा पंपाने ओढून काढायची, आवळून आणणारं दुसरं रसायन वितळवून त्यात मिसळायचं, गरम साच्यात ओतायचं आणि भट्टीत शिजवायचं. बाहेर येतो तो पदार्थ रबरासारखा लवतो, पण रबरापेक्षा चिवट असतो. तेलाने कुजत नाही, उन्हाने तडकत नाही. सुरुवातीला तात्या साखर कारखान्यांसाठी रोलर आणि दूध संघांसाठी पट्ट्या करत. मोटारीच्या बुशांकडे ते वळले ते वालचंदनगरच्या डॉ. गोसाव्यांमुळे.

डॉक्टरांचा दवाखाना कॉलनीच्या कडेला होता. त्यांच्याकडे दोन दारांची, बदामी रंगाची हेराल्ड मोटार होती. ती गाडी कारखान्यातून निघायची बंद होऊन बराच काळ लोटला होता आणि सुटे भाग मिळत नव्हते. चाकाला धरून ठेवणारे लोखंडी दांडे जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात, तिथे लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून मध्ये रबराचं जाड कडं बसवतात. तेच बुश. डॉक्टरांच्या गाडीतली बुशं झिजून गेली होती. खड्ड्यातून जाताना ती गाडी भांड्यांच्या गाठोड्यासारखी वाजे. डॉक्टर एक झिजलेलं बुश रुमालात बांधून शेडवर आले. तात्यांनी नख लावलं, आणि आकडा न सांगता ते परत दिलं.

"डॉक्टर, हे गेलेलं हाय. मयताला आकडा देत न्हाय मी."

पहिल्या खेपेची बुशं वाया गेली. कापून पाहिलं तर आतून जाळी पडलेली. पुन्हा ओतली, पुन्हा जाळी. तात्यांनी रसायन बदललं, पंप बदलला, पुरवठादाराशी फोनवर भांडण केलं. कारण शेडमध्येच होतं. भट्टीजवळ उकडतं म्हणून तात्यांनी स्वतःच खिडकीला ओली गोणपाटं लावून पंखा बसवला होता. पीयूला ओल चालत नाही. दमट हवा लागली की त्यात बुडबुडे धरतात. हे तात्यांना माहीत होतं, परीक्षेतही लिहिलं होतं. गोणपाट म्हणजे ओल हे डोक्यात आलं नव्हतं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी त्यांनी ती फाडून रस्त्यावर फेकली. पुढे त्या शेडमध्ये सगळे घामाने भिजून काम करत आणि तो घाम साच्यावर पडू नये म्हणून कपाळाला फडकी बांधत. एकदा मी आंघोळ करून तसाच गेलो, तर दारातच ओरड झाली, "केस वाळवून या! न्हाय तर तिथनंच बोला."

चांगली बुशं निघाली. ओळखू यावीत म्हणून तात्यांनी त्यांत हळदीसारखा पिवळा रंग घातला. ती डॉक्टरांच्या गाडीत बसली. वाजणं थांबलं. डॉक्टर तात्यांना म्हणाले, "बिरदेवराव, आता गाडीतला रेडिओ ऐकू येतो."

मग तात्या म्हणाले, आईला बसवून बघू.

त्यांच्या आईला सगळे चिंगूआई म्हणत. ऐंशीच्या घरातली, वाळलेली, ताठ बाई. आयुष्यभर मेंढरांमागे चाललेली. गाडीचं तिला कौतुक नव्हतं. तात्यांनी तिला हेराल्डच्या मागच्या सीटवर बसवून इंदापूरपर्यंत नेलं आणि उतरल्यावर विचारलं, "आये, कसं वाटलं?"

"गाडी गप हाय," चिंगूआई म्हणाली. "पर हाडं बोलत्यात."

तात्यांनी सगळी बुशं काढली आणि आठ-दहा आकड्यांनी नरम ओतून पुन्हा बसवली. या वेळी म्हातारी काही बोलली नाही. पान काढून खायला लागली. तात्यांनी तो आकडा साच्याच्या झाकणावर खडूने लिहिला आणि खाली "आई" लिहिलं. शेडमध्ये मालाची विचारणा झाली की कामगार ओरडून विचारत, "तात्या, आईचं ओतायचं का कडक?"

कडक मागणारे वेगळे होते. बारामतीतली काही तरणी पोरं जुन्या पद्मिनी गाड्या विकत घेऊन, इंजिनची ताकद वाढवून, पुण्या-नाशकाकडच्या शर्यतींना नेत. त्यांना वळणावर गाडी झुकायला नको असे. त्यातला एकजण आला आणि म्हणाला, "तात्या, सगळ्यांत कडक द्या. दगडासारखं."

"दगडच बसीव मग. माझ्याकडं कशाला आलास?"

पोराने हट्ट धरला. तात्यांनी दिलं. आठवड्याने तो परत आला. गाडी वळणाला चिकटून राहते, म्हणाला, पण डॅशबोर्डचे स्क्रू गळून पडतात आणि होणारी बायको गाडीत बसायला नाही म्हणते. तात्यांनी पुढच्या चाकांना कडक ठेवलं, मागे आईचं बसवलं. त्या मिश्रणावर पोराला शर्यतीत बक्षीस मिळालं. पुढे लग्नही झालं. दोन्हींचं श्रेय तात्या घेत.

एक दोष उरला होता. हे बुश कोरडं पडलं की कुरकुरतं. रबर लोखंडाला चिकटून पिळलं जातं. पीयू लोखंडावर फिरतं, म्हणून त्याला वंगण लागतं. तात्यांनी बुशाच्या आतल्या अंगाला बारीक खाचा पाडल्या, म्हणजे ग्रीस टिकेल. त्या दिवसापासून ते ग्रीसचे भक्त झाले. खंडेनवमीला गॅरेजवाले हत्यारं पुजतात, गाड्या धुतात आणि दिसेल त्या निपलात, म्हणजे वंगण आत ढकलायच्या बोंडात, ग्रीस भरतात. तात्या त्या दिवशी ग्रीसगन आणि झेंडूच्या माळा घेऊन स्वतः बुशांच्या गिऱ्हाइकांकडे जात. गाडीखाली झोपून प्रत्येक निपल भरत. बाहेर येऊन माळ घालत. मग नारळ. कुणी म्हणालं, तात्या, मेकॅनिकने कालच भरलंय, तर म्हणत, "त्येनं भरलं ते त्येचं. आता माझं."

तोवर बारामती, इंदापूर, फलटण आणि पुण्यातल्या मिळून तीस-पस्तीस जुन्या गाड्या त्यांच्या पिवळ्या बुशांवर चालत होत्या.

अपघात दसऱ्यानंतर काही आठवड्यांनी झाला. कारखाने सुरू झाले होते आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. डॉ. गोसावी वालचंदनगरहून इंदापूरला निघाले होते. वळणावर हेराल्डचं पुढचं डावं चाक आत दुमडलं, गाडी रस्त्यावर घासत गेली आणि चारीत अडकून थांबली. डॉक्टरांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. जिवावरचं टळलं. पण ज्यांनी गाडी ओढून काढली त्यांनी पाहिलं, की मोडलेल्या चाकाजवळ पिवळं बुश फाटलेलं दिसतंय. रस्त्यावर एक पिवळा तुकडाही सापडला. संध्याकाळपर्यंत बारामतीत एकच वाक्य फिरत होतं. तात्याचं बुश तुटलं.

तो तुकडा एकाने कागदात गुंडाळून शेडवर आणून दिला. मी तिथे होतो. तात्यांनी तो तळहातावर ठेवला. नख लावलं नाही.

"माझंच हाय," ते म्हणाले.

जगताप शेजारून आले होते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तात्या, गाडी इंदापुरात हुसेनभाईंच्या गॅरेजला नेलीय. उद्या सकाळी गुपचूप जाऊन बघून या. काय असंल ते कळंल. मग ठरवू."

"आन् तवर?"

"तवर काय?"

"तवर कुणी बायका-पोरं घिऊन निघालं तर?"

"एका रात्रीत काय व्हतंय?"

"डॉक्टरला किती येळ लागला?"

तात्यांनी फोन ओढला आणि एकेका गिऱ्हाइकाला लावायला सुरुवात केली. वाक्य तेच होतं. "कोळेकर बोलतोय. गाडी उभी करा. माझ्या बुशात खोट असंल. मी सांगंपतूर चालवू नका." आवाज मोठा नव्हता. समोरून काय उत्तर येत होतं ते ऐकू येत नव्हतं, पण दोनदा तात्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. शर्यतवाला पोरगा घरी नव्हता. बायकोला घेऊन फलटणला सासरवाडीला गेला होता. तात्यांनी फलटणच्या ओळखीच्या एका दुकानदाराला फोन करून माणूस पाठवायला लावला आणि उत्तर येईपर्यंत फोनजवळून हलले नाहीत. गाडी सासऱ्याच्या दारात उभी असल्याचं कळलं तेव्हा ते पाणी प्यायले.

जगताप निघताना म्हणाले, "तुमी सोताच सोताचं नाव बुडवताय."

"बुडालं तर बुडू द्या. माणूस बुडाय नको."

सकाळी ते इंदापूरला निघाले. माझी सोलापूरला बदली झाली होती. इंदापूरहून गाडी मिळते म्हणून मी बॅग घेऊनच त्यांच्याबरोबर निघालो. अपघाताची बातमी पाहणीनंतर द्यायची ठरली होती. मालनकाकी दारात आल्या. "जीप हाय की. एसटीनं कशाला?"

"तिच्यातबी माझीच बुशं हायत."

काकींनी भाकरीचं फडकं त्यांच्या हातात दिलं. वाटेत तात्यांनी ते सोडलं नाही. खिडकीबाहेर बघत बसले. सणसर गेल्यावर एवढंच बोलले, "डॉक्टरला काल भेटायला गेलो न्हाय. कुठल्या तोंडानं जाऊ?"

हुसेनभाईंचं गॅरेज महामार्गाला लागून होतं. तिथे पन्नासेक माणसं जमली होती. ट्रकवाले, बाजाराला आलेले, तहसील कचेरीत काम नसलेले. पोलीस हवालदार खुर्चीवर बसले होते. डॉक्टर रिक्षातून आले होते. हात गळ्यात बांधलेला, डोक्याला पट्टी. तात्यांनी लांबूनच हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "बिरदेवराव, आधी चाक बघा. माझं नंतर."

"हुसेनभाई," तात्या म्हणाले, "तुमीच खोला. मी हात लावणार न्हाय. लोकांनी बघावं."

हेराल्डचा पुढचा सगळा भाग पुढे उलटतो. हुसेनभाईंनी तो उलटला तसं आतलं सगळं उघडं पडलं. लोक पुढे सरकले. पिवळं बुश खरंच फाटलेलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बगा, म्हनलं नव्हतं?" तात्यांनी भाकरीचं फडकं या हातातून त्या हातात घेतलं.

हुसेनभाईंनी बोल्ट सोडला, बुश काढलं, चिंधीने पुसलं आणि वर धरलं. बाहेरची कड रस्त्यावर घासून गेली होती. आतला भाग अखंड होता. आतली नळी जागेवर होती आणि बोल्ट शेवटपर्यंत तिच्यातच अडकून राहिला होता.

"हे तुटलं न्हाय. हे नंतर घासलंय," हुसेनभाई म्हणाले.

"मग तुटलं काय?" हवालदारांनी विचारलं.

हुसेनभाईंनी मोडलेलं चाक फिरवून सगळ्यांकडे केलं. चाकाला पेलणारा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला एका पितळी ठोकळ्यात आट्यांनी बसवलेला असतो. चाक वळतं तेव्हा तो त्या आट्यांत फिरतो. दांडा नेमका आट्यांपाशी मोडला होता. मोडलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळा-तांबडा, जुन्या गंजाने खाल्लेला होता. जेमतेम एक कड ताजी, चकचकीत होती. शेवटी गाडी तेवढ्याच कडेवर चालत होती. ठोकळ्याच्या पोकळीत वाळून खडूसारखं झालेलं ग्रीस होतं. हुसेनभाईंनी ते स्क्रूड्रायव्हरने खरवडून कागदावर पाडलं. त्याखाली आटे कोरडे होते.

बराच वेळ त्यांनी ते बोटांनी चोळून पाहिलं.

"हितं पातळ तेल लागत असंल," ते म्हणाले. "ग्रीस आत उतरलंच न्हाय. वरच बूच झालंय त्येचं. पाणी मात्र आत गेलं."

"निपल तर ग्रीसचंच हाय," गर्दीतला एक मेकॅनिक म्हणाला.

"व्हय. म्हणून तर समदे ग्रीसच भरतो आपण. मीबी भरलंय. ह्या गाडीत, गेल्या मे महिन्यात."

तात्या पुढे झाले. "खंडेनवमीला म्या भरलं," ते म्हणाले. "माळ घातली वर."

डॉक्टर दांड्याजवळ आले आणि त्यांनी वाकून पाहिलं.

"हा गंज एका दसऱ्याचा नाही," ते म्हणाले. "तुमची ओळखही नव्हती तेव्हापासून दर दसऱ्याला मी ग्रीस भरून घेतोय. समोर उभा राहून. इकडे कमी पडलं, आणखी मार, असं मीच सांगायचो." मग हवालदारांकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या. चाकाचा दांडा गंजून मोडला. बुश शाबूत."

हवालदारांनी लिहून घेतलं. गर्दी लगेच पांगली. भांडण होणार नाही हे कळलं होतं.

तात्या गॅरेजच्या पायरीवर बसले. त्यांनी फडकं सोडलं आणि भाकरी मोडली. अर्धी हुसेनभाईंना दिली, चतकोर डॉक्टरांच्या मोकळ्या हातात. तोंडात घास असतानाच ते बोलू लागले आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढला.

"डॉक्टर, आता सांगा. दुखतंय का?"

"हसलं की दुखतं."

"मग मी गप बसतो."

"ते जमणार नाही तुम्हाला."

डॉक्टर हसले आणि त्यांनी खांदा धरला. हुसेनभाई म्हणाले, आज संध्याकाळपासून माझ्याकडच्या सगळ्या जुन्या गाड्यांचे हे ठोकळे खोलून बघतो. तात्या म्हणाले, "मी येतो जोडीला. ग्रीसगन घरी ठिवून."

सोलापूरची गाडी लागत आली होती. तात्या मला सोडायला स्टँडवर आले, पण फलाटापर्यंत पोचले नाहीत. वाटेत एसटीडीची काचेची टपरी दिसली तसे ते थांबले. "तुमी व्हा पुढं," म्हणाले. "लोकं गाड्या उभ्या करून बसल्यात."

मला खिडकीजवळची जागा मिळाली. टपरी समोरच होती. दार बंद असल्यामुळे आवाज येत नव्हता. तात्या रिसीव्हर कानाला लावून उभे होते आणि दुसरा हात हवेत फिरवून वळण, चाक, मोडलेला दांडा असं सगळं समोरच्याला दाखवत होते. मग त्यांनी मान मागे टाकली आणि तोंड उघडून हसले. फोन ठेवला, लगेच दुसरा लावला, आणि हात पुन्हा पहिल्यापासून फिरू लागला. बाहेर रांगेत चार-पाच माणसं खोळंबली होती. एकाने काचेवर टकटक केलं. तात्यांनी त्याच्याकडे बघून हात जोडले आणि पाठ फिरवून बोलत राहिले.